मेट्रोचं काम आपल्या रस्त्यावर येतंय: दुकानदार, रहिवासी आणि रोज ये-जा करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात मेट्रोची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ ला झाली. वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हे पहिले दोन टप्पे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला खुला झाला. आता निगडी, कात्रज, चांदणी चौक, वाघोली आणि खराडी ते खडकवासला अशा पुढच्या मार्गांना मंजुरी मिळाली आहे, काही ठिकाणी काम चालूही आहे. कर्वे रस्त्याने आणि गणेशखिंड रस्त्याने जे सोसलं, ते आता दुसऱ्या रस्त्यांच्या वाट्याला येणार आहे. त्या रस्त्यांवर राहणाऱ्या आणि पोट भरणाऱ्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. स्कॉटलंडमधलं एडिंबरा आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनी या दोन शहरांचे दाखले मुद्दाम घेतले आहेत. तिथल्या लाइट रेलच्या (म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रामच्या) कामात रस्त्यांचे आणि दुकानांचे जे हाल झाले त्याची सरकारी चौकशी झाली, कोर्टात खटला चालला आणि सगळं नोंदलं गेलं.

लाइट रेल आणि मेट्रो यांत रस्त्याच्या दृष्टीने फरक काय?

लाइट रेलचे रूळ बहुतेक ठिकाणी रस्त्यातच बसवतात. गाडी सिग्नलवर थांबते, माणसं फुटपाथवरूनच चढतात. आपल्याकडची मेट्रो खांबांवरून किंवा भुयारातून जाते. लाइट रेलचं काम स्वस्त आणि सोपं असेल असं वाटतं, पण रस्त्याला त्याचाच त्रास जास्त होतो, कारण पूर्ण लांबीभर रस्ता उकरावा लागतो. खांबांवरच्या मेट्रोत साधारण २५ ते ३० मीटरवर एक खड्डा, मध्ये तेवढी मोकळी जागा. भुयारी मेट्रोत वरचा रस्ता बराचसा शाबूत राहतो, मात्र स्टेशनच्या जागी प्रचंड खोदाई होते.

रस्त्याचा किती भाग जातो आणि किती दिवस?

खांबांवरच्या मार्गात रस्त्याच्या मधोमध पत्रे लागतात आणि दोन्ही बाजूंची साधारण एकेक लेन जाते. क्रम असा असतो: माती तपासणी, खाली काय काय आहे ते पाहायला चाचणी खड्डे, पाण्याच्या, विजेच्या वगैरे वाहिन्या हलवणं, पायलिंग (पायासाठी जमिनीत खोलवर काँक्रीटचे खुंट घालणं), पाइल कॅप (त्या खुंटांवरचा काँक्रीटचा ठोकळा), खांब, त्यावरची कॅप आणि शेवटी लाँचिंग गर्डर या अवजड यंत्राने सेगमेंट, म्हणजे पुलाचे तयार तुकडे, चढवणं. एका खांबाचं प्रत्यक्ष काम काही महिन्यांचं असतं. पत्रे मात्र वर्ष-दोन वर्षं हलत नाहीत.

हे का होतं ते समजून घेतलं पाहिजे. पायलिंगची टोळी वेगळी, खांबाची वेगळी, गर्डर चढवणारी वेगळी. एक टोळी उठून गेली की दुसरी येईपर्यंत जागा रिकामी पडून राहते. पत्रे काढून पुन्हा लावायला खर्च येतो आणि वाहतूक पोलिसांची परवानगी नव्याने घ्यावी लागते, म्हणून ठेकेदार ते काढत नाही. “आत कोणी काम करताना दिसत नाही” ही लोकांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. माझ्या मते रस्त्यावरच्या लोकांनी सगळ्यात जास्त जोर इथेच लावायला हवा: काम थांबलेल्या जागेचे पत्रे मागे घ्या, एक लेन तरी मोकळी करा.

मुळात उशीर होतो कशामुळे?

जमिनीखाली जे आहे त्यामुळे. पाण्याची जुनी बिडाची लाइन, ड्रेनेज, महावितरणच्या केबल, गॅसची पाइपलाइन, दूरध्वनी आणि इंटरनेटच्या तारा. प्रत्येकीचा मालक वेगळा आणि नकाशा वेगळा, आणि पेठांसारख्या जुन्या भागात नकाशा असलाच तर तो जागेशी जुळेल याची खात्री नाही. खणल्यावर भलतीच लाइन निघते, मग ती कोणाची हे ठरेपर्यंत काम ठप्प.

एडिंबरामध्ये याची फार मोठी किंमत मोजावी लागली. तिथे ट्रामसाठी वाहिन्या हलवण्याचं काम २००७ च्या सुमारास सुरू झालं. प्रिन्सेस स्ट्रीट हा तिथला मुख्य बाजाराचा रस्ता २००९ मध्ये बंद केला आणि रुळांभोवतीचा थर खराब निघाला म्हणून २०११ मध्ये पुन्हा उकरला. ठेकेदार आणि महापालिकेची कंपनी यांच्यात वाद पेटला, ५४.५ कोटी पौंडांचं अंदाजपत्रक ७७.६ कोटींवर गेलं आणि ट्राम ३१ मे २०१४ ला, ठरल्यापेक्षा ३ वर्षं उशिरा धावली. तीही ठरलेल्या पूर्ण मार्गावर नाही. लीथ वॉक या रस्त्यावरच्या दुकानदारांनी दारात खोदाई सोसली, वाहिन्या हलवून झाल्या, आणि मग पैसे संपले म्हणून ट्राम त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच मार्ग तोडला. तिथे ट्राम गेली ती थेट ७ जून २०२३ ला. पहिल्या खोदाईत धंदा गमावलेल्या कितीतरी लोकांना त्या ट्रामचा काही उपयोग उरला नव्हता.

सिडनीत जॉर्ज स्ट्रीटवर ऑक्टोबर २०१५ मध्ये काम सुरू झालं. १२ किलोमीटरच्या त्या मार्गावर अंदाजापेक्षा खूप जास्त वाहिन्या निघाल्या. वीजवाहिन्यांवरच्या कामाचे नियम काय, यावरून सरकार आणि ठेकेदार भांडत बसले आणि १६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं काम ३१० कोटींच्या पुढे गेलं. पहिली गाडी धावली १४ डिसेंबर २०१९ ला.

म्हणून कुठलाही अधिकारी तुमच्या रस्त्यावर बैठक घ्यायला आला की पहिला प्रश्न हा विचारा: चाचणी खड्डे घेऊन झाले का, आणि खाली काय सापडलं?

गणेशखिंड रस्त्यावर इतकी वर्षं कोंडी का होती?

विद्यापीठ चौकातला पूल जुलै २०२० मध्ये, करोनाच्या काळात, पाडला. शिवाजीनगर ते हिंजवडी या २३ किलोमीटरच्या मार्गासाठी तिथे वर मेट्रो आणि खाली वाहनं असा दुमजली पूल हवा होता आणि जुना पूल आड येत होता. रस्ते रिकामे असताना पाडकाम उरकणं योग्यच होतं. पण नव्या पुलाची औंधकडून शिवाजीनगरला येणारी बाजू सुरू झाली ऑगस्ट २०२५ मध्ये. मधली ५ वर्षं औंध, बाणेर आणि पाषाणची वाहनं एकाच चौकात येऊन तुंबत होती. पावसाळ्यातल्या संध्याकाळी चौकातून बाहेर पडायलाच अर्धा-पाऊण तास लागायचा आणि रुग्णवाहिकेचा भोंगा एकाच जागी वाजत राहायचा.

नागपुरातही हेच केलं गेलं. वर्धा रस्त्यावरचा छत्रपती चौकातला पूल २०१६ मध्ये पाडला आणि तिथे ३.१४ किलोमीटरचा दुमजली मार्ग उभा राहिला. पाडणं आणि बांधणं यांत किती अंतर पडू द्यायचं, हा खरा प्रश्न आहे. नव्या कामाचा ठेका, रेखांकन आणि जागा हातात नसताना जुना पूल किंवा रस्ता काढून घेऊ नये. एवढा एक नियम पाळला तरी शहराची वर्षं वाचतील.

आमच्या गल्लीतून सगळी वाहतूक वळवली आहे. हे कोण ठरवतं?

वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त अधिसूचना काढतात. पुण्यात बहुतेक वेळा बदल आधी तात्पुरता लागू करून नागरिकांच्या हरकती मागवतात. ती मुदत फुकट घालवू नका. हरकत लेखी द्या आणि त्यात मुद्देसूद लिहा: शाळा सुटायची वेळ, गल्लीची रुंदी, बस वळते की नाही, कचऱ्याची गाडी कधी येते. “आम्हाला फार त्रास होतोय” एवढ्यावर कोणी काही बदलत नाही. अवजड वाहनांना बंदी, एकेरी वाहतूक आणि वॉर्डनची नेमणूक या तीन गोष्टी मागितल्या तर मिळू शकतात.

वाहतूक आपोआप कमी होते का?

थोडी होते. काही लोक वेळ बदलतात, काही वेगळा रस्ता धरतात, काही जाणंच टाळतात. पण “काही जाणं टाळतात” याचाच अर्थ दुकानाला गिऱ्हाईक कमी, हे नियोजन करणाऱ्यांनी विसरू नये.

मार्ग भुयारी असेल तर आम्ही सुटलो का?

दोन स्टेशनांच्या मधे असाल तर बऱ्यापैकी. शिवाजीनगर ते स्वारगेट भुयार कसबा आणि मंडईच्या खालून, मुठा नदीच्याही खालून गेलं आणि वरच्या बहुतेक रस्त्यांवर भाजी, फुलं, पूजेचं सामान यांचा बाजार चालू राहिला. पण स्टेशनच्या जागी राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे जमिनीत अख्खी पेटी खोदावी लागते. जिल्हा न्यायालय स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे. एवढी माती काढायची म्हणजे रोज रात्री डंपरच्या रांगा. मुंबईत मेट्रो ३ या भुयारी मार्गाच्या कामात गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि रहिवाशांना संक्रमण घरांत जावं लागलं. कात्रजचा साडेपाच किलोमीटरचा मार्ग भुयारी आहे म्हणून सातारा रस्त्यावर सगळ्यांनी निश्चिंत राहू नये. स्टेशनचे जिने आणि हवेचे झरोके नेमके कुठे निघणार, ते रेखांकनात बघून घ्या.

धंदा किती बसतो? सगळ्यांचा सारखाच?

अजिबात नाही. डॉक्टर, क्लास, चार्टर्ड अकाउंटंट यांच्याकडे लोक ठरवून येतात, ते तगतात. जाता जाता गाडी थांबवून घेतलं जातं ते पहिल्यांदा जातं: वडापाव, मिठाई, फुलं, पानटपरी, मोबाइल रिचार्ज, स्टेशनरी. फर्निचर, टाइल्स, हार्डवेअर यांना वेगळाच त्रास, त्यांचा टेम्पोच दारात लागत नाही.

पत्र्याआडच्या दुकानात तासभर बसलं तर सगळं कळतं. फोन वाजतो. गिऱ्हाईक म्हणतं, “मी समोर आलोय, पलीकडे यायचं कसं?” मधला दुभाजक बंद, यू-टर्न लांब, गाडी लावायला जागा नाही. “बरं, मग उद्या बघतो.” तो उद्या उगवत नाही. काउंटरवरची धूळ पुसून झाली की पुन्हा बसते. कर्वे रस्त्याच्या कामात एका हार्डवेअरवाल्याने पत्र्यावर लाल ऑइलपेंटने बाण काढून लिहिलं होतं, “दुकान चालू आहे. आत या.” महिन्याभरात पत्रे पुढे सरकले आणि बाण भलत्याच दिशेला दाखवू लागला. त्याने तो खोडून पुन्हा काढला.

दुकानदाराला सगळ्यात जास्त मारते ती अनिश्चितता. “१४ महिने रस्ता बंद” असं कोणी खरंखुरं सांगितलं तर माणूस माल कमी भरतो, एखादा कामगार दुसऱ्या शाखेत पाठवतो, घरून ऑर्डर घ्यायला लागतो, कर्जाचा हप्ता बँकेशी बोलून पुढे ढकलतो. “दोन महिन्यांत होईल” असं दर दोन महिन्यांनी सांगत राहिलं तर तो यातलं काहीच करत नाही, आणि गल्ल्यात होतं नव्हतं ते भाड्यात घालून बसतो.

बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळते का?

जागा किंवा तिचा काही भाग संपादनात गेला तर मालकाला मोबदला मिळतो. पुनर्वसनाच्या नियमांत बसणाऱ्या भाडेकरूलाही हक्क आहेत. पण जागा शाबूत, फक्त समोर पत्रे आणि गिऱ्हाईक बंद, अशा नुकसानीसाठी आपल्याकडे ठरलेली सोय नाही. हे अन्यायाचं आहे असं मला ठामपणे वाटतं. सगळ्या शहराच्या सोयीचा खर्च एका रस्त्यावरच्या शे-दोनशे दुकानांनी आपल्या गल्ल्यातून का भरायचा?

सिडनीत दुकानदार एकत्र येऊन कोर्टात गेले. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने दोन व्यावसायिकांच्या बाजूने निकाल दिला. त्यामागचा विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे: काम चालू असताना त्रास होणारच, तो सोसावा लागतो, पण सुरुवातीला जाहीर केलेल्या वेळापत्रकाच्या पलीकडे रस्ता अडवून ठेवला तर तो त्रास अवाजवी ठरतो. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि प्रकरण आणखी वर गेलं. निकाल काहीही असो, “जाहीर तारीख” हा कागद किती मोलाचा असतो ते यातून दिसतं.

एडिंबराने दुसऱ्या खेपेला, न्यूहेवनपर्यंतच्या वाढीव मार्गावर, वेगळं वागून दाखवलं. रस्त्याचा एक तुकडा एकदाच बंद करायचा, वाहिन्यांपासून रुळांपर्यंत सगळं उरकायचं आणि मगच उघडायचा. व्यावसायिकांच्या मदतीला २४ लाख पौंड वेगळे काढले. मार्गावर माल उतरवायची ठिकाणं केली आणि तिथून दुकानापर्यंत माल न्यायला माणसं नेमली. टेम्पो दारात येत नाही, तर माल हातगाडीने पोचवा. आपल्याकडे हे करायला ना नवा कायदा लागतो ना मोठी रक्कम.

भाड्याचं काय करावं?

लिव्ह अँड लायसन्सचा करार नव्याने करायचा असेल तर त्यात काम चालू असेपर्यंत कमी भाड्याचं कलम घाला. चालू करारात मालकाशी बोलून पुरवणी करार करता येतो. रिकामा गाळा मालकालाही परवडत नाही, म्हणून वेळीच बोललं तर बरेच मालक ऐकतात. तीन महिन्यांचं भाडं थकल्यावर बोलायला गेलं तर ऐकत नाहीत.

पथारीवाल्यांना उठवलं तर?

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजी दिवसांत परत द्यायचा असतो. प्रमाणपत्र आणि पावत्या जवळ ठेवा.

रात्री ड्रिलिंग चालतं. तक्रार करता येते का?

येते. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी भागाची ५५. गर्डर चढवण्यासारखी कामं रात्रीच होऊ शकतात, कारण दिवसा रस्ता बंद ठेवता येत नाही. पण खडक फोडणं, लोखंड कापणं, डंपर भरणं ही कामं रात्री करायची सक्ती नसते. मुंबईत मेट्रो ३ च्या वेळी रहिवाशांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने दक्षिण मुंबईतलं रात्रीचं काम काही काळ थांबवलं होतं.

हादऱ्यांबद्दल एक सल्ला: काम सुरू होण्याआधी घराच्या भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवा, खासकरून जुन्या वाड्यात राहत असाल तर. मेट्रोकडून इमारतीची पाहणी होते तेव्हा अहवालाची प्रत मागा. नंतर भेग पडली तर ती आधीची की आताची, याचं उत्तर त्या फोटोंतूनच मिळतं.

पत्र्याशेजारून गाडी चालवणं सुरक्षित आहे का?

असायला हवं. १० जानेवारी २०२३ ला बंगळूरमध्ये मेट्रोच्या खांबाचा सळयांचा सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि दुचाकीवरची आई व तिचं लहान मूल दगावलं. वाहतूक चालू, आणि शेजारी उंच सांगाडा उभा. असं काही झुकलेलं दिसलं, रात्री पत्र्यांवर दिवे नसले, चिखल किंवा खडी रस्त्यावर सांडलेली असली, तर फोटो काढून लगेच कळवा. पावसाळ्यात पत्र्याच्या कडेने साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, तिथून दुचाकी घालू नका.

गणपतीत मिरवणुकीला अडथळा येतो का?

काम चालू असताना पत्रे मागे घेतात आणि काम थांबवतात. कायमचा प्रश्न उंचीचा असतो. लकडी पुलावरून मेट्रो जाते त्या जागी मोठे रथ अडतील म्हणून २०२१ मध्ये मंडळांनी मोठा विरोध केला होता, काम काही काळ थांबलं आणि मग पूर्ण झालं. आता रथाची उंची त्या हिशेबाने ठेवावी लागते. नव्या मार्गांवरच्या मंडळांनी गर्डर चढायच्या आधी, रेखांकनाच्या वेळीच बोलावं.

मेट्रो सुरू झाली की धंदा वाढतो का?

स्टेशनच्या जिन्यापाशी वाढतो. खाण्यापिण्याचा, औषधांचा, झेरॉक्सचा. दोन स्टेशनांच्या मधल्या दुकानाला फारसा फरक पडत नाही, उलट दुभाजक सलग झाल्याने समोरच्या बाजूचं गिऱ्हाईक तुटतं. स्टेशनजवळ भाडंही वाढतं, त्यामुळे काम सोसलेला माणूस आणि फळ मिळालेला माणूस एकच असेल असं नाही.

काम सुरू होण्याआधी आम्ही काय मागून ठेवावं?

आधी संघटना करा, रस्त्याची एकच. मग लेखी मागा: तुमच्या तुकड्यात पत्रे लागण्याची आणि निघण्याची तारीख, जबाबदार अभियंत्याचं नाव आणि फोन, माल उतरवण्याची जागा आणि वेळ, पायी यायला दर काही अंतरावर मोकळी वाट, पत्र्यांवर दुकानांच्या नावांच्या पाट्या. महिन्यातून एक बैठक आणि तिचं इतिवृत्त. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. ठेक्यातलं कामाचं वेळापत्रक मागा. त्या तारखा हातात असल्या की बैठकीतलं बोलणं बदलतं.

काम संपल्यावर रस्ता पहिल्यासारखा कोण करून देतं?

मेट्रोचं काम करणारी यंत्रणा रस्ता दुरुस्त करून महापालिकेच्या ताब्यात देते. ताबा दिला गेला की नाही, ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा, कारण तोवर खड्ड्याची तक्रार दोघांपैकी कोणीही स्वतःकडे घेत नाही. ताबा घेण्याआधी महापालिकेचे अभियंते पाहणी करतात. त्या दिवशी संघटनेचे दोघे-तिघे हजर राहा आणि चार गोष्टी दाखवा: पावसाळी गटाराची झाकणं रस्त्याच्या पातळीत आहेत का, फुटपाथ सलग आहे का, स्टेशनच्या जिन्याने तो अडवला आहे का, आणि काढलेले दिवे व झाडं परत लावली का. आक्षेप त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्या.